शेजारधर्माचं कलम चार

६ जुलै, रविवार

चिठ्ठी उघडली आणि वाटलं, मॅडमनी चुकून कापडाच्या दुकानातलं काहीतरी टाकलंय. तुवालू! मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंच — "टुवाल?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले. काय करणार!

देसाई मॅडमचं नवं खूळ. यंदा 'जागतिक राजकारण' हा पेपर पुस्तकातून पाठ करायचा नाही. "व्याख्या लिहून आणाल तर मी वाचणारच नाही," म्हणाल्या. प्रत्येकाने जगात आत्ता चालू असलेलं एकेक प्रकरण घ्यायचं, ऑगस्ट संपेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवायचा, आणि मग वर्गासमोर उभं राहून सांगायचं. कोणाला कोणतं, ते चिठ्ठीवर. युक्रेन गेलं, तांबडा समुद्र गेला, तैवान गेलं. कुंदनला अमेरिकेचा आयात कर आला. तो स्वतः इथे सुरतेत वराछाला हिरे घासतो, म्हणजे त्याला तर घरबसल्या विषय. आणि बेचाळिसाव्या वर्षी रविवारच्या वर्गात बी.ए.ला बसलेल्या जयश्री शालिग्राम बोरसे यांना — टुवाल.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये जन्म काढलेला माणूस. म्हणाले, "टुवालाचा कसला अभ्यास? धुतला की रंग सोडतो का नाही, एवढंच बघायचं."

पल्लवीने मोबाइलवर नकाशा काढला. मोठा करत गेली, मोठा करत गेली — निळंच निळं.

"आई, तुझा देश सापडत नाहीये."

८ जुलै

सापडला! परातीत मोहरीचे दाणे सांडावेत तसा. नऊ बेटं. माणसं दहा-अकरा हजार. आमच्या डिंडोलीतल्या चार-सहा सोसायट्या रिकाम्या केल्या तर अख्खा देश आत मावेल, वर राष्ट्रपती भवनाला टेरेस मोकळी.

शेठकडून घरी आणलेल्या साड्यांची धागा कटिंग करता करता वाचतेय. एका हातात कात्री, एका हातात मोबाइल. त्यांच्याकडे विमानाची धावपट्टी एकच, आणि विमान नसलं की पोरं तिच्यावर खेळतात, संध्याकाळी बायका चटया टाकून बसतात. भोंगा वाजला की उठायचं! पहिलं एटीएम यंदा आलं. उद्घाटनाला मोठा केक कापला म्हणे.

हे वाचून मी तर प्रेमातच पडले. पण गंमत तेवढीच. समुद्र चढतोय. देश राहील की नाही, हाच प्रश्न आहे. म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियाशी करार केला. दरवर्षी थोड्या लोकांना तिकडे जाऊन राहता येईल. चिठ्ठ्या टाकून नावं काढणार. कराराचं नाव त्यांच्या भाषेत फालेपिली. अर्थ शोधला.

शेजारधर्म!

अहो, हा तर आपला शब्द.

९ जुलै

आज वरणाला फोडणी देताना मोहरी तडतडली आणि मला उगाच वाईट वाटलं.

१२ जुलै, शनिवार

निंबामामा आले. ह्यांचे मामा. यांचं चपलेच्या आधी तोंड घरात येतं. "जयश्री, चहा टाक. पल्लूसाठी स्थळ आणलंय."

मुलगा हेमराज. गोडादऱ्याला राहतो. एम्ब्रॉयडरीच्या मशिनची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवतो. वडील वारले. आई रुक्मिणीबाई, साड्यांच्या फॉल-पिकोचं दुकान चालवते. मूळ गाव शिंदखेड्याकडचं, म्हणजे आमच्या गावापासून फार लांब नाही. एकुलता एक.

मी पल्लवीकडे बघितलं. आजवर तीन स्थळं आली आणि तिन्ही तिने दुसऱ्या वाक्यालाच उडवली. एकाचं नाक, एकाची मिशी, एकाचं काय ते आठवतही नाही. आज नखाकडे बघत म्हणाली, "बघू."

बघू! माझी पोरगी मोठी झाली. रिंग रोडच्या कापड मार्केटात नोकरी करून समज आली तिला.

१३ जुलै, रविवार

मॅडमनी आज प्रकरण कसं वाचायचं ते सांगितलं. "बातमी वाचू नका, बातमीला विचारा. कोणाला काय हवंय? कोणाकडे काय आहे? आणि कोण काय बोलत नाहीये?" त्या गुजरातीत शिकवतात, मी वहीत गुजरातीतच लिहून घेते. इथे मात्र मराठी. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, आणि मनातलं लिहायला शाळेतली मराठी. नगरपालिकेच्या मराठी शाळेने लावलेली सवय सुटत नाही.

तर तीन प्रश्न. बसमध्ये बसल्या बसल्या तुवालूला लावून बघितले. मग उधन्याला बस अडकली आणि दुसरं काही काम नव्हतं, म्हणून निंबामामाच्या स्थळाला लावून बघितले.

काय छान बसतात!

१५ जुलै

जेवताना ह्यांना म्हटलं, "त्यांच्याकडे फ्लॅट आहे, मुलगा एकुलता आहे. आपल्याकडे काय आहे?"

"आपल्याकडे पल्लवी शे."

"ते झालंच. पण वाटाघाटीत आपलं बळ काय?"

"जयश्री, ते लोक पोहे खावाले यी राहिनात. युद्धाले नही."

पल्लवी ताटातच हसली आणि तिला ठसका लागला.

१७ जुलै

मिळालं! करारातलं कलम चार. इतके दिवस मी शेजारधर्म शेजारधर्म करत होते. ऑस्ट्रेलिया संकटात धावून येणार, घर देणार, सगळं खरं. पण तुवालूला दुसऱ्या कोणत्याही देशाशी संरक्षणाचा काही व्यवहार करायचा असेल, त्यात बंदरं आली, फोन-इंटरनेटसुद्धा आलं, तर आधी ऑस्ट्रेलियाशी सहमती करायची.

म्हणजे शेजारी म्हणतो, आमच्या घरी कधीही या हो. फक्त तुमच्या घरी कोण येणार ते आम्हाला विचारून ठरवा.

पुन्हा वाचलं. कात्री साडीत गेली. शेठ बोलणार.

२० जुलै, रविवार

झालं. पाहायचा कार्यक्रम झाला. म्हणजे — झाला की मोडला, तेच कळत नाही.

हेमराज उंच, बारीक, गप्प. पल्लवीने पाणी दिलं तर "थँक्यू" म्हणाला ते ग्लासाला. दोघांनी एकमेकांकडे मान वर करून बघितलं नाही. इतके लाजरे! गॅलरीत बोलायला पाठवलं तर पोहे थंड व्हायच्या आत परत. "झालं बोलून," म्हणाले. मला तेव्हाच वाटलं, शांत पोरगा आहे, जमेल.

रुक्मिणीबाई मात्र शांत नाहीत. सोफ्याच्या मधोमध बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आम्हनं काही मागनं नही. शिकू द्या, नोकरी करू द्या. फक्त काही नवं करनं व्हई ते माले इचारीसन करानं."

कलम चार!

माझ्या हातात चहाचा ट्रे. मला गप्प बसायचं होतं, देवाशपथ. पण तोंडातून गेलंच, "विचारून म्हणजे सांगून, की परवानगी घेऊन?"

"दोन्हीमा काय फरक शे?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"तोच तर सगळा फरक आहे."

निंबामामांनी खोकून बघितलं. ह्यांनी "खमण घ्या ना, खमण" म्हटलं. रुक्मिणीबाईंनी खमण घेतलं, सावकाश खाल्लं, हात पुसले. "घर जाईसन कळावतस," म्हणाल्या आणि निघाल्या.

दार लागल्यावर पल्लवी माझ्यावर अशी धावून आली! "आई! चहा द्यायचा होता फक्त! फक्त चहा!"

"तुझ्यासाठीच बोलले मी."

"मला काय हरकत आहे विचारायला? विचारेन की!"

"आज नोकरीचं विचारशील, उद्या केस कापायचं विचारशील, परवा —"

ती खोलीत गेली, दार आपटलं. मग बराच वेळ कुणाशी तरी फोनवर हळू बोलत होती. मैत्रीण असेल.

२१ जुलै

पल्लवी बोलत नाही. भाजीत मीठ कमी होतं तरी बोलली नाही. म्हणजे फारच रागावलीय.

२२ जुलै

निंबामामा गोडादऱ्याहून निरोप घेऊन आले. "बाई म्हणते, परवानगी नाही. पण सांगणंही नाही. विचारणं म्हणजे विचारणं."

मी उलट निरोप दिला, "आम्हाला 'विचारविनिमय' चालेल. 'सहमती' चालणार नाही."

मामा दारात उभे. "जयश्री, हे मी तिला अहिराणीत कसं सांगू?"

२४ जुलै

तुवालूच्या चिठ्ठ्यांची मुदत संपली. देशातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी नावं टाकलीत! म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच. ह्यांना वाचून दाखवलं. हे रिमोट हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "आपलं गावबी असंच सुरतेत उनं. आठे चिठ्ठ्या नव्हत्यात, एवढंच." आणि टीव्ही लावला.

२७ जुलै, रविवार

मॅडमनी माझं अर्धं टिपण वाचलं. चांगलं आहे म्हणाल्या. मग चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा आम्ही घाबरतो.

"जयश्रीबेन, या करारात तिसरं कोण आहे?"

"मॅडम, दोघंच आहेत. ऑस्ट्रेलिया आणि तुवालू."

"मग ऑस्ट्रेलियाला चौथं कलम का लागलं? कोणाची धास्ती आहे त्याला?"

"... चीन?"

"करारात नाव आहे त्याचं?"

"नाही."

"ज्याचं नाव नसतं ना, बहुतेक वेळा त्याच्याचसाठी कलम लिहिलेलं असतं."

बसमध्ये डोक्यात एकच. रुक्मिणीबाईंना माझ्या पोरीची कसली धास्ती? या स्थळात तिसरं कोण आहे? हेमराजचं दुसरीकडे काही आहे का? म्हणून तर इतका गप्प नसेल?

पल्लवीला हळूच विचारलं, "तुला तो मुलगा सरळ वाटला?" ती आता बोलायला लागलीय. म्हणाली, "एकदम सरळ."

"एवढ्याशा वेळात कसं कळलं?"

"कळतं आई," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. न सांगता!

३० जुलै, बुधवार

आज मी हेरगिरी केली.

एक जुनी साडी घेतली, तिचा धड असलेला फॉल उसवला आणि रिक्षाने गोडादऱ्याला गेले. दुकान छोटं, दाराशी साड्यांच्या पिशव्या. पाटी — 'न्यू स्टाइल फॉल पिको'. रुक्मिणीबाई मशिनवर. मला बघून पाय थांबला नाही त्यांचा.

"फॉल लावायचा होता," मी म्हटलं.

त्यांनी साडी उलटून बघितली. "हाई आजच उसाडेल शे." दोरे अजून लोंबत होते! मग हसल्या. "बसा ताई. तुम्ही फॉलसाठे नही उनात, मन्हा ठाव लेवाले उनात."

स्टुलावर बसले. सरळच विचारलं — तुम्हाला माझ्या पोरीची कसली भीती वाटते?

"भीती कसानी?" त्यांनी मशिन थांबवलं. आणि मग जे बोलल्या ते मी जमेल तसं लिहून ठेवते, कारण मला विसरायचं नाहीये.

गाव सोडायचं ठरलं, ते त्यांना निघायच्या सकाळी कळलं. सुरतेत आल्यावर खोल्या बदलल्या, दर वेळी नवऱ्याने भांडी बांधायला काढली की कळायचं. पोराचं नाव आत्याने ठेवलं, हिला बारशात ऐकू आलं. हे दुकान — दुकान त्यांचं, मशिन त्यांचं, हात त्यांचे. आणि पाटी रंगवून आली तेव्हा नाव कळलं! "न्यू स्टाइल! मन्हामा काय न्यू स्टाइल शे, सांगा तुम्ही!"

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग पदराने डोळे टिपले, पण हसतच.

"मालक वाईट नव्हतात ताई. मारं नही, बोलेत नही. फक्त इचारं नही. म्हनीसन मी म्हनतस, सूननी माले इचारानं. नही म्हनाले नही. माले एक डाव तरी 'हो' म्हननं शे!"

इतके दिवस मी कलमांवर कलमं काढत होते, आणि या बाईला 'हो' म्हणायचं होतं.

बाजूच्या टपरीवरून चहा मागवला. आणि तिथेच, न्यू स्टाइलमध्ये, साड्यांच्या ढिगावर बसून आम्ही ठरवलं. विचारायचं, पण दोन्हीकडून. सून सासूला विचारणार, सासू सुनेला. विचारलं म्हणजे परवानगी मागितली असं नाही, आणि विचारलं नाही तर रुसायचा हक्क दोघींना सारखाच.

फॉल त्यांनी पुन्हा लावून दिला. आधीपेक्षा चांगला.

ता.क. — तिसरं कोण, ते राहूनच गेलं विचारायचं.

३१ जुलै

कुंदनचा ग्रुपवर मेसेज. "काल अमेरिकेने भारतावरचा कर पंचवीस टक्के जाहीर केला. माझी केस पुन्हा पहिल्या पानापासून!!" खाली रडणारे चेहरे. मी एक पाठवला. तुवालूचं बरं आहे, सावकाश बुडतं — असं लिहिणार होते, पण ते बरं दिसलं नसतं.

३ ऑगस्ट, रविवार

आमची खान्देशातली देवी, कानबाई बसली. सकाळपासून रोट, पुरण, खीर. वर्गाला दांडी. मॅडमना तरी काय सांगणार, त्यांच्या वर्गातला अर्धा मराठी बाक आज घरोघरी कणीक मळतोय.

४ ऑगस्ट, सोमवार

बाप रे! बाप रे! गुलाल न धुताच लिहायला बसले. रागाने नाही. म्हणजे थोडा रागाने.

विसर्जनाची मिरवणूक. डिंडोलीच्या, गोडादऱ्याच्या, लिंबायतच्या सगळ्या कानबाया रस्त्यावर. ढोल, गुलाल. रुक्मिणीबाई त्यांच्या गल्लीच्या घोळक्यात होत्या, मला बघून बाहेर आल्या आणि आम्ही दोघींनी भर रस्त्यात फुगडी घातली. अजून विहिणी झालो नव्हतो तरी! दम लागला म्हणून कडेला थांबलो. पल्लवी कुठे दिसेना.

समोर लोचोची गाडी, वाफवलेल्या डाळीचा सुरती लोचो. गाडीच्या पलीकडे माझी लेक, आणि तिच्यासोबत हेमराज. एकच प्लेट. मी म्हटलं, असू दे, ठरल्यातच जमा आहे, बोलू दे दोघांना. इतक्यात हेमराजने तिच्या बाजूच्या सगळ्या तळलेल्या मिरच्या उचलून आपल्याकडे घेतल्या, आणि आपल्या बाजूची शेव तिच्याकडे सरकवली. न विचारता. बोलता बोलता. हात आपोआप जावा तसा.

पल्लवीला मिरची चालत नाही, हे तिच्या सख्ख्या मामालासुद्धा माहीत नाही.

मी रुक्मिणीबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. दोघी रस्ता ओलांडून गेलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

पल्लवीचा घास घशात. हेमराज खाली बघून म्हणाला, "काकू, दोन वर्षं."

दोन वर्षं! तिच्या ऑफिसात डिझाइनं याच्याकडूनच येतात. ती चुका काढायची, हा दुरुस्त करून आणायचा. मग चुका नसल्या तरी आणायला लागला. निंबामामांच्या कानावर हे स्थळ घातलं तेही या दोघांनीच. मामांना पक्कं बजावलं होतं, आमचं नाव घेऊ नका, तुम्हीच शोधलंय म्हणा. म्हणजे मामांनाही माहीत! आणि त्या दिवशी गॅलरीतून लगेच परत आले, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं!

"नोकरी, शिक्षण, घर, सगळं आमचं कधीच ठरलंय आई," पल्लवी म्हणाली.

"मग आम्ही दोघी इतके दिवस कशावर भांडत होतो?"

"तुमच्या दोघींच्या करारावर."

आधी रुक्मिणीबाईच हसल्या. गुलालाचं तोंड, हसून हसून पार वाकल्या. मी मात्र चिडलेच होते. "अगं मग पहिल्या दिवशी सांगायचं नाही का?"

"सांगणार होते," पल्लवी म्हणाली. "तू ट्रे घेऊन उभी राहिलीस आणि 'परवानगी की सांगून' म्हणालीस ना, तेव्हा खूप राग आला. पण नंतर... आई, तुला असं बोलताना मी कधी पाहिलंच नव्हतं. बाबापण नाही. तू निरोप द्यायचीस तेव्हा ते दाराआडून ऐकत उभे राहायचे. मग वाटलं, चालू दे."

लोचोची दुसरी प्लेट सांगितली. मिरच्या वेगळ्या.

५ ऑगस्ट

ह्यांना विचारलं, "तुम्ही दाराआडून ऐकत होता?"

"मी पाणी पेवाले उभा व्हतू."

रोज?

१० ऑगस्ट, रविवार

कर पन्नास टक्के होणार, महिनाअखेरीपासून. कुंदन आज वर्गात आला तो कोरे कागद घेऊन. कारखान्याने सणाची सुट्टी आत्तापासूनच जाहीर केलीय. "कधीपर्यंत ते सांगितलं नाही," म्हणाला. एरवी तो बोलतो तेव्हा वर्ग हसतो. आज कुणी हसलं नाही. मॅडमनी त्याला स्वतःच्या डब्यातलं थेपलं दिलं.

पल्लवीचा शेठही म्हणे दिवसभर फोनवरच असतो. अमेरिकेचा माल गोदामात पडून आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

माझा दिवस!

नवी साडी नेसले — नाही, ती नवी नव्हे, फॉल नव्याने लावलेली. हे आले होते. मिलमधून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. रुक्मिणीबाई मागच्या बाकावर. मी "माझा विषय तुवालू" एवढंच म्हटलं तर त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना वाटलं वाजवायच्या असतात, त्यांनीही वाजवल्या.

मग धावपट्टीवरच्या चटया सांगितल्या, आणि वर्ग हलकेच पुढे सरकला. ते दिसतं उभं राहिलं की! मग समुद्र, चिठ्ठ्या, कलम चार. म्हटलं, या करारावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. कुणी म्हणतं, लहान देशाने आपलं स्वातंत्र्य गहाण टाकलं. कुणी म्हणतं, बुडणाऱ्या माणसाने हात धरला, त्यात लाज कसली? मला विचाराल तर तुवालू भोळा नाही. पाणी डोक्यावरून गेलं तरी आम्ही देशच राहणार, असं त्यांनी स्वतःच्या घटनेत लिहून ठेवलंय. ज्याला जायचंय तो जाईल, आणि गेला तरी तो तुवालूचाच.

इथे मी खिडकीकडे बघत बोलले. ह्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मॅडमनी चष्मा काढला नाही. "जयश्रीबेन, एम.ए. करायचं ना?" एवढंच म्हणाल्या.

कुंदन शेवटी उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, माझ्या केसचा शेवट अजून यायचाय. आला की सांगतो." आणि बसला. त्यालाही टाळ्या पडल्या. त्या रुक्मिणीबाईंनी सुरू केल्या नव्हत्या.

येताना सगळ्यांनी कोल्ड कोको प्यायला. ह्यांनी दोन.

३१ ऑगस्ट, रविवार

पल्लवी आणि हेमराजने आम्हा दोघींना समोरासमोर बसवलं. पल्लवीचा शेठ इथिओपियात कारखान्यासाठी शेड घेतोय. तिथला माल अमेरिकेत कमी करात उतरतो. डिझाइनला हेमराज पाहिजे, हिशोबाला पल्लवी. लग्न डिसेंबरात, निघायचं जानेवारीत. निदान तीन वर्षं.

रुक्मिणीबाई पाणी प्यायल्या. ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता रडणार, म्हणजे मलाही रडता येईल. तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, पासपोर्ट कोठे काढतस?"

उद्या आम्हा दोघींचा अर्ज भरायला जायचंय, पोरांकडे जाऊन यायचं ना! पल्लवी म्हणते, त्या फोटोत हसायचं नसतं. म्हणून आत्ता आरशासमोर उभ्या राहून आम्ही सराव करून बघितला. हसू दाबलं की डोळे भरतात. डोळे पुसले की हसू येतं.

जमत नाहीये!